मगदूम सरांची रिकामी टाकी

मगदूम सर एस.टी.ची वाट बघत नसत. शनिवारी कुरुंदवाडला म्हाताऱ्या आईकडे जायचं असलं, की ते स्टँडवर येत, गाडी लागलेली नाही असं दिसलं की पिशवी खांद्याला अडकवून सरळ चालायला लागत. मागनं गाडी येईल आणि घेऊन जाईल, असा त्यांचा हिशोब. कधी पंचगंगेच्या पुलावर गाठ पडायची, कधी शिरोलीला. जुने ड्रायव्हर त्यांना ओळखत, हात न दाखवताही थांबत. एकदा ड्रायव्हर नवा निघाला. तो थांबला नाही आणि सर शिरोलीच्या पुढं दोन मैल चालून दुसऱ्या गाडीत चढले. स्टँडवरच बसला असता तर आधी पोचला असता, असं मी सोमवारी म्हटलं. त्यावर म्हणाले, "पोचलो असतो. पण बसाय लागलं असतं न्हवं?"

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. माझी नेमणूक तात्पुरती होती. दर जूनला नवा हुकूम, दर एप्रिलला धाकधूक. वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, ओतकामाचे लाकडी नमुने करत. घरात कॉलेजचा पगार आणणारी मी पहिलीच, त्यामुळे ती धाकधूक माझ्या एकटीची नव्हती, सगळ्या घराची होती.

सर वर्गात शिकवताना फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत फेऱ्या घालत. मुलांच्या माना टेबलावरच्या पंख्यासारख्या हलत. प्रॅक्टिकलला कुणी चिमटा हळू उचलला तर ते स्वतः उचलत. कुणी आकृती काढताना खोडरबर शोधायला लागला तर, "खोडतोस काय, नवी काढ की," म्हणत. त्यांचं घर जैन वळणाचं, सूर्य मावळायच्या आत जेवण. हिवाळ्यात साडेपाच वाजले की सायकलला टांग मारून ते शाहूपुरीकडे असे निघत, की रस्त्यातली माणसं आधी बाजूला होत आणि मग कोण गेलं ते बघत. कुठलंही काम सांगा, उत्तर ठरलेलं: "हुतंय की. चला." आणि होण्याआधीच ते पुढच्या कामाला लागलेले असत. काही कामं त्यामुळे बिघडत. ती ते पुन्हा करत, तितक्याच घाईनं.

अशा माणसानं निवृत्तीच्या वर्षी खाऱ्या पाण्याची टाकी लावायचं मनावर घेतलं. आमच्या प्रयोगशाळेत समुद्रातल्या जिवांच्या दीडशे बरण्या होत्या. औषधात राहून राहून सगळे मासे एकाच रंगाचे झालेले, शिळ्या भाकरीच्या. मुलं त्यांच्याकडे बघून वहीत "रंग: पिवळा, पट्टे काळे" असं लिहीत आणि सर चिडत. एक दिवस बरणी हातात घेऊन ते मला म्हणाले, "पोरी, तीस वर्षं मी मेलेला समुद्र शिकवला. जाताना एक जिता दाखवून जातो." एरवी चारचौघांत मी माने बाई होते. पोरी म्हटलं की समजायचं, हे मनातलं आहे.

टाकी चार फुटी, काचेची. तळाला भोकं पाडलेल्या नळ्या, त्यांच्यावर चार बोटं जाड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा, पाणी त्या वाळूतून खाली ओढून पुन्हा वर आणणारा एक छोटा हवेचा पंप. नारळी पौर्णिमा झाली, रत्नागिरीच्या होड्या समुद्रात गेल्या, आणि मासळी घेऊन येणाऱ्या ट्रकमधून खाऱ्या पाण्याचे कॅन आले. पाणी भरलं त्याच दिवशी नऊ मासेही आले. बोटाएवढे, अंगावर काळेपिवळे पट्टे. सरांनी ते तासाभरात टाकीत सोडले. मी विचारलं, पाणी एक-दोन दिवस राहू द्यायचं का? "समुद्राचंच पाणी हाय, समुद्राचेच मासे हायत. वळख करून द्यायची काय?" असं म्हणाले.

पाचव्या दिवशी नववा मासा मेला.

सरांनी ते मासे बरणीत घातले नाहीत. कागदात गुंडाळले, मागच्या बागेत स्वतः खड्डा केला आणि पुरले. वर्गात शेकडो बेडूक कापलेला माणूस, पण त्या दिवशी ते संध्याकाळी जेवले नाहीत, हे मला नंतर त्यांच्या घरी कळलं. "बेडूक शिकवाय कापला. हे माझ्या हौसेपायी गेलं," एवढंच बोलले. मग ग्रंथालयातून कुठलंसं परदेशी पुस्तक आणलं, उभ्या उभ्या वाचलं आणि कपाळाला हात लावला.

पुस्तकात होतं ते साधं होतं. मासे पाण्यात घाण करतात, त्या घाणीतून अमोनिया होतो आणि अमोनियानं मासे मरतात. वाळूत एक प्रकारचे जंतू वाढले की ते अमोनिया खातात. त्यातून दुसरं विष होतं, ते खाणारे दुसरे जंतू असतात. दोघांचीही वस्ती वाळूत बसली की पाणी माशांना राहण्यासारखं होतं. ती वस्ती बसायला पाच-सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा नाही, फक्त जंतूंना खायला म्हणून काहीतरी कुजत ठेवायचं. आणि थांबायचं.

"सहा आठवडं?" सर पुस्तकालाच विचारत होते.

कुजवायला कोळंबी बरी, असं ठरलं. शिपायाला पाठवायचं तर तो जेवायला गेलेला, म्हणून सर स्वतःच मासळी बाजारात निघाले. मी सोबत गेले. कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातला तो माणूस नाकाला रुमाल न लावता ओट्यापुढं उभा राहिला आणि दोन कोळंब्या मागितल्या. बाई म्हणाली, "दोन कोळंबीत काय हुतंय ओ पावणं? घरात माणसं किती?" सरांनी सरळ सांगितलं, घरात कुणी खात नाही, पाण्यात कुजवायच्या आहेत. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं दोन कोळंब्या फुकट दिल्या आणि आमच्याकडे बघत शेजारणीला काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही, पण समजलं.

मग रोजची परीक्षा सुरू झाली. रसायनशास्त्र विभागातून दोन औषधं आणली होती. टाकीतलं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, थेंब टाकायचे. एका औषधानं अमोनिया असला की पिवळा रंग, दुसऱ्यानं पुढचं विष असलं की गुलाबी. दोन्ही रंग गेले, की मासे. पुस्तक म्हणत होतं, दिवसाआड बघा. सर दिवसातून चारदा बघत. तासाला जाताना बघत, तासाहून येताना बघत. पिवळा गडद झाला, मग फिका झाला, मग गुलाबी चढला. त्यांनी भिंतीवर खडूनं रोजची रेघ मारायला सुरुवात केली. वाळूवर तपकिरी साय धरली, काचेवर हिरवट थर आला, खोलीला ओल्या जाळ्यांचा वास यायला लागला. येणारे नवे विभागप्रमुख एकदा डोकावून गेले आणि जाता जाता, या जागी कपाट चांगलं बसेल, असं म्हणाले. त्या दिवसापासून सरांना आणखीच चटका लागला. आपण जायच्या आत मासे टाकीत पोहताना दिसले नाहीत, तर आपल्या मागं टाकी भंगारात जाणार, हे त्यांना उघड दिसत होतं.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. सर ओसरीवर फेऱ्या घालत होते. त्यांची तगमग मी अक्कांना सांगितली. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्न झालं तवापासनं मी बघतोय. दुधाला इरजण लावलं की तासाभरात झाकण काढून बघत्यात. दही ढवळून बसतंय व्हय?" त्या बाजूला बाया असंच बोलतात, मी बघतोय, मी जातोय. सरांना ते ऐकू गेलं होतं. ते थांबले आणि म्हणाले, "ह्या डावाला ढवळणार न्हाय." आणि पुन्हा फेऱ्या सुरू.

खरंच ढवळलं नाही त्यांनी. पस्तीस रेघा झाल्या. गुलाबी इतका फिका झाला होता, की पांढऱ्या कागदासमोर धरल्याशिवाय दिसेना. नवरात्र होतं. आता राहवेना म्हणून सर माशांची व्यवस्था करायला रत्नागिरीला गेले. दसऱ्यानंतर येतो, पंप बंद पडू देऊ नको, एवढं सांगून गेले.

आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमी मोठी. सूक्ष्मदर्शक, तराजू, कात्र्या, चिमटे सगळं पुसून टेबलावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. दुपारी प्राचार्य येऊन बघत. माझ्या घरी तर खंडेनवमी म्हणजे वर्षाची परीक्षा असे. वडील आदल्या दिवशी रंधे, पटाशा, करवती घासून आरशासारख्या करत आणि आमच्याकडून करून घेत. मळकं हत्यार पूजेला ठेवलं तर ते वर्षभर हाताला लागतं, असं ते म्हणत.

तशी मी त्या दिवशी प्रयोगशाळेत उभी होते. सगळं लखलखत होतं आणि मध्ये ती टाकी. शेवाळलेली, वास मारणारी, तळाला तपकिरी राड. वाळूत जंतू असतात हे मला कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी दोन पानं लिहिली असती. पण हात ओला करून ती राड बोटांना लागली की परीक्षा आठवत नाही, घर आठवतं. शिवाय खरं सांगायचं तर मलाही त्या थांबण्याचा कंटाळा आला होता. पस्तीस दिवस नुसतं बघत राहायचं, काहीच करायचं नाही, हे माझ्याही स्वभावात नव्हतं. प्राचार्य येणार, हुकूम त्यांच्याच सहीनं निघतो, हेही डोक्यात होतं. शिपायाला घेऊन मी पाणी कॅनमध्ये काढलं, फडक्यातून गाळलं. वाळू बादल्यांत भरली, ब्लीचिंग पावडरीत बुडवली, उकळत्या पाण्यानं दोनदा धुतली, मग नळाखाली दहा पाण्यांतून काढली. काचा राखेनं घासल्या. सगळं पुन्हा भरून टाकीला झेंडूची माळ घातली. प्राचार्य म्हणाले, "वा माने बाई, आता कशी टाकी दिसतेय." मी घरी जाऊन वडिलांना ते सांगितलं.

सर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्टँडवरून थेट प्रयोगशाळेत आले. सांगतच आत आले, की सहा मासे आणि एक शंखातला खेकडा पक्का झाला, कोळी होडी बाहेर घालून पाणीसुद्धा नवं देणार आहे. मग टाकी दिसली. त्यांनी बाही न सारता हात पाण्यात घातला, मूठभर वाळू काढली, चोळली, नाकाशी नेली.

"वाळू कुणी धुतली?"

मी म्हटलं, मी. कशानं धुतली विचारलं, ते सांगितलं. सांगता सांगताच मला माझं मलाच सगळं कळत गेलं. सरांनी टेबलाभोवती तीन फेऱ्या घातल्या. ते मुलांवर ओरडत, शिपायावर ओरडत, प्राचार्यांवरसुद्धा ओरडत. मी त्या ओरडण्याची वाट बघत उभी राहिले आणि ते येईना, म्हणून रडायला लागले.

"रडाय येळ न्हाय," ते म्हणाले. "कोळंबी आणाय पायजे." पिशवी घेऊन ते बाजाराला निघूनही गेले.

निरोपसमारंभ दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी होता. म्हणजे हातात सोळा दिवस. निमंत्रणपत्रिका आधीच छापून गेली होती आणि तिच्यात "सागरी मत्स्यालयाचे उद्घाटन" अशी ओळ होती. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष येणार होते. पुन्हा पिवळा चढला, उतरला, गुलाबी चढला. चौदाव्या दिवशी नळी गुलालासारखी दिसत होती. प्राचार्य म्हणाले, मासे तर मागवा, एक दिवस तरी जगतीलच की, समारंभ पार पडेल. मला ते पटलं. माझ्या चुकीवर तेवढाच पडदा पडणार होता. मीही सरांच्या मागं लागले.

सर म्हणाले, "एक दिस जगतील. दोन दिस बी जगतील. मग? दावायसाठी मारायचं व्हय?" आणि पोस्टात जाऊन रत्नागिरीला तार केली, मासे पाठवू नका.

समारंभाच्या दिवशी टाकीवर लाल कापड होतं. अध्यक्षांनी ते ओढलं. आत स्वच्छ पाणी, पांढरी वाळू, एक खडक, एका कोपऱ्यातून वर येणारे बुडबुडे. आणखी काही नाही. मागं मुलं उभी होती, त्यांच्यात खसखस पिकली. अध्यक्ष वाकून खडकाच्या मागं बघायला लागले. मासे कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं.

सर म्हणाले, "मासं न्हाईत. माझी घाई नडली. वाळू बसायच्या आत हात घातला, आता आणि पंधरा दिस लागतील."

ऐकणाऱ्या एकालाही शंका आली नाही. येणार कशी? मगदूम सर आणि घाई, हे सगळ्या कॉलेजला पाठ होतं. अध्यक्ष म्हणाले, "अहो मगदूम, समुद्राला तरी सवड द्यायची होती." सगळे हसले. सरही हसले. मी पेढ्यांचं ताट दोन हातांवर घेऊन उभी होते. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्याच महिन्यात माझी नेमणूक कायम करायचा कागद त्याच माणसांपुढं जाणार होता. मी ताट पुढं केलं.

सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे होती. सरांनी आपली किल्ली दिली होती आणि किल्ली दिल्यावर पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून मी रोज सकाळी नळीत पाणी घ्यायची, थेंब टाकायची, बूच लावून रुमालात गुंडाळायची आणि सायकलवरून शाहूपुरीत न्यायची. सर फाटकातच उभे असत. नळी भिंतीच्या चुन्यासमोर धरत, परत देत, आत जात. फराळाचं ताट अक्का देत. अकराव्या दिवशी नळीत रंग नव्हता. मी म्हटलं, आज तार करू. सर बराच वेळ नळी फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या बघ. परवा बघ. तीन दिस पांढरं पायजे." त्यांच्या तोंडून असं वाक्य मी तेव्हाच ऐकलं, आधी कधी नाही आणि नंतरही नाही.

चौथ्या दिवशी ते स्वतः रत्नागिरीला गेले आणि मासळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी, माशांचा कॅन मांडीवर घेऊन घाट चढून आले. किल्ली दिल्याचा हट्ट तेवढ्यापुरता सोडला. सहा मासे, एक खेकडा. सुट्टी संपली तेव्हा सातही जीव जिवंत होते. मुलांची रांग लागली. नव्या विभागप्रमुखांनी कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं. अक्का एकदा येऊन गेल्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. काचेला नाक लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मासं झ्याक हायत. पर समुद्र मोठा असतोय म्हणत हुता की."

डिसेंबरात माझी नेमणूक कायम झाली. तो कागद घेऊन मी सरांकडे गेले आणि म्हटलं, आता मी प्राचार्यांना सांगते, वाळू मी धुतली होती. ते चप्पल घालत होते. म्हणाले, "आता उकरू नको. मला घाईचं नाव हायच की, त्यात एक वाढलं तर काय बिघडतंय? तुझं नाव अजून व्हायचं हाय." आणि चालायला लागले. मला ते बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज आज वाटते, त्या दिवशी वाटली नाही.

मासे दिसायला लागले तरी गोष्ट मात्र रिकाम्या टाकीचीच राहिली. मगदूम सरांची रिकामी टाकी हा आमच्या स्टाफरूममधला कायमचा विनोद झाला. कुणाचा नाष्टा अर्धा कच्चा निघाला, कुणी निकाल लागायच्या आत पेढे वाटले, की ती टाकी निघायची. नव्या माणसाला ती सांगितली जायची. एकदा ती मी सांगितली. चांगली रंगवून सांगितली, लोक पोट धरून हसले.

सर गेले ते निवृत्तीनंतर चौदा-पंधरा वर्षांनी, कुरुंदवाडला, सकाळच्या फिरण्यात. कॉलेजात शोकसभा झाली. बोलणाऱ्यानं मोठ्या प्रेमानं तीच गोष्ट सांगितली. या माणसाला समुद्रसुद्धा घाईनं हवा होता, असं म्हणाला. डोळे पुसता पुसता माणसं हसली. माझं नाव तोवर झालं होतं. मी विभागप्रमुखाच्या खुर्चीवर, पहिल्या रांगेत बसले होते. पुढं जाऊन दोन वाक्यं बोलायला कुणी अडवलं नसतं. माझ्या पायांनी उठायची तयारी केली, आणि सभा संपली.

त्या सभेतली माणसं आता इकडंतिकडं झाली. जी आहेत त्यांनी हे वाचावं. पस्तीस दिवस आणि नंतर पुन्हा तीस दिवस, रोज नळी हातात धरून तो माणूस थांबला होता. सरांनी घाई केली नव्हती. वाळू मी धुतली.